सुट्टी नाक्यावर अडकली

इंग्रजांनी शहरात लष्करी कायदा लावला त्या उन्हाळ्यात आम्हाला वळसंगला मामाकडे जाता आलं नाही. परवान्याशिवाय शहर सोडायचं नाही, आणि परवाना मागायला गेलेला माणूस परत येईलच याची खात्री नाही. धाकटी बहीण रोज विचारायची, "सुट्टी कुठं गेली?" म्हणून तिच्यासाठी आम्ही घरातच चित्रांचं पुस्तक करायला घेतलं. अण्णा, आमचे वडील, शाळामास्तर; त्यांचा हात चांगला, चित्रं त्यांची. आई हळदीकुंकवाचे, पानांच्या रसाचे रंग भरायची. मजकूर माझा.

सुट्टी नावाची मुलगी बैलगाडीतून मामाच्या गावाला निघते आणि नाक्यावर शिपाई तिला अडवतो, अशी गोष्ट. तिथं सुट्टीच्या तोंडी मी लिहिलं, "कोणत्या अधिकाराने?" अण्णांनी ते खोडलं.

"हे तू चोरून वाटतेस तसलं पत्रक नव्हे, बये. पोरीचं पुस्तक आहे."

"म्हणून खोटं लिहायचं?"

"दाराबाहेर बंदुका आहेत. हळू बोल."

शिपायाचं त्यांनी अस्वल केलं. गाडीवानाची पांढरी टोपी पुसून मुंडासं बांधलं; तसली टोपी दिसली तरी तेव्हा पकडत. मला संताप यायचा. असल्या भिणाऱ्या सज्जनांच्या जिवावरच तर हे राज्य चाललं होतं!

पण सुट्टीला सोडवायचं कसं? बहीण म्हणाली, "काठ्या येऊ देत की! काठ्यांना कोण अडवतंय?"

खरंच होतं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेत उंच काठ्या मिरवत निघाल्या की टांगे, गाड्या, फौजदार, सगळे बाजूला होतात. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले. कापडानं मढवलेल्या त्या काठ्या आणि त्या पेलणारी पांढऱ्या बाराबंदीतली माणसं त्यांनी मन लावून काढली. "यात कुणाला काय सापडणार?" म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी सकाळी झडती आली. एक गोरा अधिकारी, दोन सोजीर आणि आपल्या पेठेतलाच हवालदार. पत्रकं मी घरात ठेवतच नव्हते. पुस्तक मात्र रंग वाळायला कोनाड्यात उघडं होतं. गोऱ्यानं पांढऱ्या कपड्यांची रांग पाहिली आणि काठीवर बोट ठेवलं.

"झंडा?"

झेंड्याला बंदी होती. आई पुढे झाली. "अहो हवालदार, जत्रेच्या काठ्या त्या! दरवर्षी नारळ घेऊन उभे असता की तुम्ही. सांगा ना त्यांना."

हवालदार चित्राकडे बघत राहिला. एक शब्द बोलायचा होता त्याला. एकच.

"झंडा?" गोरा ओरडला.

"व्हय साहेब," हवालदार म्हणाला. "झंडाच."

"खोटं बोलतोय!" मी किंचाळले. कुणी ऐकलं नाही. हे कुणी केलं, असं गोऱ्यानं विचारताच बहीण म्हणाली, "मी सांगितलं काठ्या..." अण्णांनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"चित्र माझं आहे," ते म्हणाले. "या घरात दुसऱ्या कुणाला चित्र काढता येत नाही."

कोट घालायलाही थांबू दिलं नाही. मी जिन्यात मागोमागच होते. हवालदार त्यांच्या कानाशी पुटपुटला, "मास्तर, पाया पडतो, गप चला. मलाबी पोरं हायत."

आम्ही दारात उभ्या राहिलो. नवी पेठेकडे वळेपर्यंत अण्णांनी मागं पाहिलं नाही. समोरच्या घराची खिडकी उघडी होती. ती आतून कुणीतरी, आवाज होणार नाही अशी, लावून घेतली.