सातवा माणूस गॅलरीत

दाजी गेल्याचा फोन आला आणि मी सातपूरला धावलो. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. रडू यायच्या आधी माझ्या मनात भलतंच आलं... एवढी गर्दी दाजींना खपली नसती. त्यांच्या मते त्या हॉलची क्षमता सहा. ताई, दाजी, मुलगा, सून, दोन नातवंडं, झाले सहा. दर रविवारी जाणारा मी सख्खा मेव्हणा, म्हणजे कायमचा सातवा. "या मेव्हणे, गॅलरी मोकळी आहे!" हे माझं स्वागत.

दाजींचा जन्म कारखान्यात माल तपासण्यात गेला. कशाला किती भार सोसतो हे बघायची खोडच जडलेली. निवृत्तीनंतर एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना सुरगाण्याकडच्या आपल्या पाड्यावर नेलं. तिथल्या धबधब्यावर जीपा भरभरून माणसं यायला लागली होती आणि वाटेतला झरा, पाड्याचं प्यायचं पाणी, तुडवला जात होता. पर्यटनाचा आराखडा होणार होता. दिवसाला किती माणसं त्या जागेला सोसतील, हे दाजी मोजू लागले. याला म्हणायचं वहनक्षमता. मोजायला माणसं हवीत म्हणून आम्हा सगळ्यांना नमुना पर्यटक करून नेलं. झऱ्याशी मी घसरून बसलो. हात द्यायचं सोडून दाजींनी वहीत लिहिलं, 'जाड पर्यटक, एकास दोन धरावे.'

अहवाल टाइप करायचं काम मी हौसेनं घेतलं. दाजींचा निष्कर्ष होता, 'वहनक्षमता : रोज चाळीस.' मी एक काना जादा दिला. पाड्यावरच्या बैठकीत आराखडा करणाऱ्या सरकारी साहेबांनी खुशीत वाचलं, "वाहनक्षमता, रोज चाळीस! मग पार्किंग झऱ्याजवळच करू." सीताबाई नावाची म्हातारी ताडकन उठली. "चाळीस गाड्या? मंग आमी पाणी काय गाडीच्या टाकीतलं प्यायचं?"

दाजी उठले. "साहेब, काना आमच्या मेव्हण्यांचा. आकडा माझा. चला, दाखवतो." अख्खी बैठक त्यांनी झऱ्यावर चालवत नेली. वीसएक माणसं काठावर उतरली आणि पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. सीताबाईनं त्यातच तांब्या बुडवून साहेबांपुढे धरला. "घ्या सायब, चहा. फकस्त साखर नाय." साहेब हसले, मग तांब्यात डोकावून त्यांनी पेन काढलं. आराखड्यात आलं : एका वेळी दहा, दिवसाला चाळीस माणसं, आणि जीपा खाली रस्त्यावरच.

परतताना मी माफी मागायला लागलो, तर दाजी म्हणाले, "अहो, तुमच्या कान्यानं साहेब झऱ्यापर्यंत तरी आले. नुसता कागद बघून कोण आलं असतं?"

एक गोष्ट सांगायची राहिली. मला गॅलरीत पाठवलं की दोन मिनिटांत दाजी दोन कप घेऊन तिथेच यायचे. "मग आत पाचच राहिले की!" मी कुरकुरायचो. "राहू दे. गॅलरीची क्षमता दोन आहे."

गेल्या रविवारी गेलो आणि सवयीनं थेट गॅलरीत जाऊन उभा राहिलो. ताई आतून म्हणाली, "आत ये रे... आता तुला धरून सहाच होतात."

मी मोजलं. बरोबर होतं.

"ताई," म्हटलं, "तूच दोन कप घेऊन बाहेर ये. इथे एकाची जागा आहे."