गाठोडीमावशीचं पोट

“काहून वं, पोटात कापूस लपवून राहिली काय?”

वखारीच्या दारात मुकादमानं विचारलं आणि बाया हसल्या. विलायतेची मागणी वाढल्यापासून अकोल्यात कापसाला सोन्याचा भाव आला होता. संध्याकाळी घरी जाताना प्रत्येकीचं लुगडं झाडून पाहत.

“लपवला नाई बापू, पेरला हाय,” गाठोडीमावशी म्हणाली. “वेचाले येजो.”

मग तीही हसली. पण गासड्यांच्या आड जाऊन लुगडं पुन्हा नेसताना ती निऱ्या दोन-दोनदा सोडून घाली. बाबा वखारीत कारकून होते, मी मडमेच्या शाळेतून आले की त्यांच्या खिडकीशी बसे. तिथून मला ते दिसे.

ती अकोटकडची, विधवा. तिच्या फुगलेल्या पोटाबद्दल लोक काय काय बोलत, ते मी इथे लिहिणार नाही. ती मात्र त्याच पोटावर कापूस ठेवून डागी बोंडं निवडी. “हा माया पाट हाय,” म्हणे.

माझ्या बुजरेपणाची तिला गंमत वाटे. “तुही इंग्रजी कापसाहून महाग हाय काय वं पोरी, एवढी जपून खर्चतं?”

एका दुपारी ती गासडीशीच चक्कर येऊन पडली. अमरावतीच्या छावणीचे डॉक्टर त्या दिवशी वखारीच्या साहेबांकडे उतरले होते. त्यांनी पडद्याआड चादरीवरून तिचं पोट चाचपलं आणि इंग्रजी येणारी मुलगी मी एकटीच म्हणून, काय काय होतं, हे मला विचारायला लावलं. मावशीनं माझा हात धरून, खालच्या आवाजात, खूप वेळ सांगितलं. मी डॉक्टरसाहेबांना म्हटलं, तिला थकवा येतो.

“मी एवढं सांगतलं, अन् तू येवढुसंच बोल्ली?”

पडद्यापलीकडे बाबा उभे होते, आणि त्यांना इंग्रजी कळत होतं.

डॉक्टर म्हणाले, ही जीवघेणी गाठ असावी. अमरावतीला नेऊन पोट चिरावं लागेल, वाचेलच असं नाही. हे मात्र मी तिला नीट सांगितलं.

तिनं पदर पोटावर ओढून घेतला. मग म्हणाली, “चिरल्यावर वापस येते काय वं कोनी?”

तिचं पोट चिरलं गेलं नाही. ती गाठ गर्भाशयाची आहे, हे डॉक्टरांना त्याच दुपारी कळलं. साधी, जीव न घेणारी. पुढे पाळी गेल्यावर ती आक्रसली, आणि मावशी म्हातारी होईपर्यंत मुकादमाला टोमणे मारत जगली. मी सासरी निघाले तेव्हा माझ्या ओटीत तिनं मूठभर पांढराशुभ्र कापूस घातला. त्या दुपारची आठवण तिनं कधीच काढली नाही. मला ती अजून येते, आणि अजून कान तापतात.

त्या दुपारी ‘वापस येते काय’ हा तिचा प्रश्न ऐकून मी पडद्याकडे पाठ केली आणि बाबांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात इंग्रजीत म्हणाले, “साहेब, तिला दर महिन्याला रक्त जातं ते थांबतच नाही. तिनं मघाशीच सांगितलं होतं. मी बोलले नाही.”