चावऱ्या झाडाचं माप

दातकाका कवळ्या बनवत, म्हणून गल्लीत सगळे त्यांना दातकाकाच म्हणत. डॉक्टर मंडळी तोंडांचे साचे पाठवायची आणि काका घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवायचे. फळीवर जबड्यांची रांग मांडलेली असे आणि सगळे जबडे हसत असत. नवा माणूस दारातच थबकायचा. काका मात्र त्यांच्या साक्षीने खुशाल चहा प्यायचे.

अशा माणसाला जगात दातवालं झाड आहे, असा शोध लागल्यावर दुसरं काय होणार? एका मासिकात चित्र होतं. पानाचे दोन भाग, काठांना दातांच्या रांगा, मध्ये माशी. काकांनी भिंग लावून बघितलं.

"काय रांगा बसल्यात एकमेकींत! मला जन्मात असं जमलं नाही."

"ते खरंय," आतून त्यांच्या आई म्हणाल्या. आईंच्या तोंडात लेकाच्याच हातची कवळी होती आणि ती प्रत्येक शब्दाला टकटक वाजे.

दूरच्या एका वनस्पती उद्यानात अशी झाडं सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, असं मासिकात खाली छापलं होतं. काकांनी त्यांना पत्र लिहिलं. घरची सगळी खुशाली, खिडकीची दिशा, आईंचे गुडघे, काहीही वगळलं नाही. उत्तराला कार्ड आलं : ‘झाडे विकत नाही. हवे कशाला ते कळवा.’ काकांनी अभिमानाने कळवलं, ‘मी दातांच्या व्यवसायात आहे.’ पुन्हा कार्ड : ‘ते दात नव्हेत. पानाचा काठ आहे.’

"बघ गं, डॉक्टरसुद्धा माझ्याशी असं बोलत नाहीत," काका बायकोला म्हणाले. पण हट्ट सोडतील तर काका कसले! माती कोणती, पाणी कसलं, ऊन किती, माशी जिवंत की मेलेली, असे प्रश्न विचारून त्यांनी बाईंना भंडावून सोडलं.

"मला माहेरी असताना दोन ओळी लिहायच्या तर तुमचा हात मोडत होता," पत्रं पेटीत टाकून टाकून दमलेली बायको म्हणाली. "आता या सवतीसाठी बरं सुचतंय!"

अखेर बाई विरघळल्या. त्यांनी लिहिलं, ‘एक झाड पाठवते. नीट सांभाळा आणि जे घडेल ते खरे कळवा. जगले तर घटपर्णीही पाठवीन. हयगय केलीत तर हेही परत मागवीन.’

घटपर्णी! झाकणाच्या घड्यासारख्या पानात किडे गिळणारं झाड! काकांची झोपच उडाली. "अगं, हिला नुसतं तोंड आहे, तिला तर अख्खा घसा आहे!"

झाड आलं ते ओल्या शेवाळात गुंडाळलेलं, तळहातावर मावेल एवढं. "एवढंसं? आणि हे चावतं?" आईंनी नाक मुरडलं. काकांनी ते खिडकीत ठेवलं, ताटलीत पावसाचं साठवलेलं पाणी घातलं, आणि इथवर सगळं बाईंच्या सांगण्याबरहुकूम झालं.

पण हाताची सवय जाते कुठे? समोर तोंड उघडं दिसलं की काका आधी माप घेत. त्यांनी मेण मऊ केलं, छोटीशी गोळी केली आणि एका पानाच्या तोंडात ठेवली. पान खटकन मिटलं. "वा! काय चावा आहे!" काका हरखले. मग दुसरं पान. मग तिसरं. एकाचं माप घ्यायचं आणि दुसऱ्याला तसंच ठेवायचं, हे त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

पानं मिटली ती मिटलीच. तोंडात मेण धरून झाड रुसून बसलं आणि हळूहळू एकेक पान काळं पडायला लागलं.

"अहो, तुम्ही झाडाला कवळी करणार होतात?" बायकोने कपाळावर हात मारला.

"छे गं, नुसतं माप..."

"त्याला दात आहेत म्हणून तर आणलंत ना? मग माप कशाला?"

 आता बाईंना काय कळवायचं? खरं सांगावं तर घटपर्णी गेली, आणि हेही गेलं. काकांनी एक कागद लिहिला, फाडला. दुसरा बायकोच्या हाती लागला.

"‘हवामानामुळे पानांत मेण गेले असावे’? अहो, कसलं हवामान हे?"

शेवटी काकांनी मान खाली घालून सगळं खरं लिहिलं. उत्तर तडक आलं : ‘परत पाठवा. आजच.’

काका चपलांचं खोकं रिकामं करायला लागले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. आणि तेव्हा बायकोने खोकं हिसकावलं. "ठेवा ते खाली! कुठं नाही जायचं ते." ती कागद घेऊन बसली. तिचं पत्र असं होतं :

‘बाईंना नमस्कार. झाड येणार नाही. घरी आलेलं कुणी आजारी पडलं तर आम्ही त्याला खोक्यात घालून टपालात टाकत नाही. मेण मी चिमट्याने काढलं, काळी पानं कापली. मधून कोवळं पान येतंय. यांचा स्वभाव वाईट नाही, हात वाईट आहेत. लग्नाच्या मांडवात यांनी माझ्या मामांचं माप घेतलं होतं. यापुढे यांचे हात मी सांभाळीन.’

"मामांचं कशाला लिहिलंस?"

"खरं कळवा म्हणाल्यात ना त्या?"

उत्तर आलं ते बायकोच्या नावावर. ती वाचता वाचता खुदकन हसली आणि तिने पत्र घडी करून ब्लाऊजमध्ये खोचलं.

"अगं, झाड राहिलं का गेलं?" काका तिच्या मागे मागे फिरत होते.

"राहिलं. इथून पुढे पत्रं मात्र मीच लिहायची."

"आणि एवढं हसायला काय झालं?"

"त्यांच्याकडेही एक आहेत म्हणे. दिसेल त्या फुलात नाक खुपसतात."

काळ्या पानांच्या जागी नवी पानं पुरती उमलली, बायकोने तसं कळवलं, आणि घटपर्णी आली. तीही बायकोच्याच नावावर. काका हात मागे बांधून खिडकीशी उभे राहिले.

"जरा आत डोकावू?"

"लांबून."

"घसा किती खोल आहे, एवढंच..."

"अहो!"

"बघू दे गं त्याला," आई टकटकल्या. "मेण माझ्या उशाखाली आहे."

काकांनी लांबूनच मान उंचावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "पुढच्या पत्रात बाईंना विचारशील का, पाऊस आला की हिचं झाकण मिटतं का ते?"

"विचारीन," बायको म्हणाली. "तुमचं नाव घालायचं की नाही, ते बघते."