सांगाव्याचा नियम

सुकलालच्या आईचा निरोप माझ्याकडे सकाळी आला होता आणि मी तो दिवेलागणीला दिला. हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गावी भावाला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या सुकलालला तर नाहीच. आता पन्नाशी उलटली. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारखं गाव सोडून इकडे सुरतेत उधना-गोडादऱ्यात बसलेल्यांनी, दोघांनीही वाचावं म्हणून लिहितो आहे.

प्लेगच्या भीतीनं सुरत रिकामी झाली होती, त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही निघालो. लूमला माणसं मिळत नाहीत, जाल त्या दिवशी काम, असं जो तो सांगत होता. मी बारावी झालेला, चित्रकला बरी. सुकलाल आठवीतून सुटलेला, हात मात्र दणकट. अमळनेर स्टेशनवर त्याची आई पोचवायला आली. तिला सगळं गाव जिजी म्हणायचं. कोणाचं पोर किरकिरलं की दृष्ट काढायला तिलाच बोलावणं जायचं. तिनं फलाटावरच आम्हा दोघांवरून मीठ-मिरच्या उतरवल्या आणि सरळ चहावाल्याच्या शेगडीत टाकल्या.

चहावाला ठसकत ओरडला, "ओ जिजी, गिऱ्हाईक पळवता का माझं?"

"ठसका उना ना तुले? मंग नजर नव्हती पोरेस्ले. भलं व्हयनं," जिजी म्हणाली. मग गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन, सुकलालकडे बोट करून मला म्हणाली, "तू शिकेल शे. हाऊ तोंडवरी काही सांगस नही. तूच वळखी ले."

गोडादऱ्यात आम्ही खोली घेतली. तिसरा साक्रीकडचा गुलाब. तो आणि सुकलाल एकाच खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, लूम चालवायचे. खात्यातल्या आवाजात बारा तास काढून आले की दोघं खोलीतही हातवारे करून बोलायचे. भाजीत मीठ कमी, तेही हातानं. मला पर्वत पाटियाजवळ एका शेठच्या स्टुडिओत साड्यांची डिझाइनं काढायचं काम लागलं. शेठ परदेशी जुनी पुस्तकं, मासिकं वजनावर विकत घ्यायचा. त्यातली फुलं, वेली बघून आम्ही साडीचे काठ काढायचो.

त्याच गठ्ठ्यात ते पुस्तक निघालं. जाडजूड, इंग्रजी, ड्रॅगनची चित्रं. मला वाटलं गोष्टींचं असेल. निघालं खेळाचं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि जमलं की फसलं हे पाशानं ठरवायचं. लढवय्या, जादूगार, चोर, पुजारी, प्रत्येकाचे नियम वेगळे. शेठ म्हणाला, "लई जा भाई, आमां फूल नथी." फुलं नसलेलं पुस्तक त्याच्या कामाचं नव्हतं. मी घेऊन आलो.

डिक्शनरी घेऊन तीन-चार महिने वाचलं. अनुक्रमणिकेत मनाच्या शक्तीवर चालणाऱ्या पात्रांचं एक प्रकरण होतं, पण आत पानंच नव्हती. त्या पानांना वेलीची चौकट होती म्हणून आमच्याच स्टुडिओतल्या कोणीतरी ती फाडली होती. त्या वेलीची साडी तोवर बाजारात गेलीसुद्धा. मग ते प्रकरण आपणच रचायचं असं मी ठरवलं. साडीच्या आलेख कागदावर, मागच्या बाजूला.

रविवार दुपार आमची होती. पुस्तकाला वीस बाजूंचा पासा हवा होता, आमच्याकडे लुडोचे दोन. तेवढ्यावर मी तीन पात्रं बांधली. पहिला मनकवडा. समोरच्याच्या मनातलं एक त्याला कळणार, पण बदल्यात त्याच्या मनातलं एक समोरच्याला कळणार. दोघं मला मास्तर म्हणू लागले होते. गुलाब म्हणाला, "मास्तर, ह्याला बायको नाही मिळायची." दुसरी दृष्टउतारी. सोबत्याची जखम स्वतःवर घेणारी. ती कोणावरून घेतली हे सुकलालनं न सांगता ओळखलं आणि पान बराच वेळ हातात धरून बसला. प्रत्येक शक्तीला मनबळ खर्च व्हायचं, आणि ते भरून यायचं फक्त आपल्या गावी एक दिवस राहिल्यावर. हा नियम सुकलालचा. दुसरा कुठलाच नियम तिघांना इतका पटकन पटला नाही.

तिसरं पात्र सांगावी. लांबच्या माणसाचं सुखदुःख त्याला बसल्या जागी कळणार. हे जमेना. सगळंच कळायला लागलं तर खेळ उरत नाही. महिनाभर खोडत होतो. मग सुचलं की मनात आलेला सांगावा खरा की भास हे खेळणाऱ्यानं स्वतः ठरवायचंच नाही. मी साडीच्या पुठ्ठ्याआड पासे टाकायचे, सातच्या वर पडले तर खरा, नाहीतर भास, आणि मी त्यातला एकच शब्द सांगायचा. पासे मी एकट्यानंच बघायचे, म्हणून मी खोटं बोलायचं नाही, एवढी अट. मला तो नियम इतका आवडला की कामावर बोटं रंगात असताना स्वतःशी हसायचो. गावी शाळेत कोणी मला हुशार म्हटलं नव्हतं.

सांगावी पहिल्यांदा खेळायचा तो रविवार ठरला. सकाळी मी दूध आणायला खाली गेलो तर किराणावाल्या काकांनी फोन हातात दिला. सुकलालचा मोठा भाऊ होता. "जिजीनं कालपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. सुकलालला आज दुपारच्या गाडीत बसव." मी हो म्हटलं.

जिना चढताना मी काय विचार केला ते आता लिहितो. मागे असाच निरोप आला होता, हा धावत गेला, आणि तिथं मुलगी दाखवायचा कार्यक्रम निघाला. हेही तसंच असेल. आणि हा गेला तर आजचा खेळ बुडाला. गुलाबची कामाची पाळी पुढच्या आठवड्यात बदलणार, मग तिघं कधी जमणार? खेळ झाला की सांगू. पहिलं कारण मी पुढं अनेक वर्षं स्वतःला दिलं. खरं कारण दुसरं होतं.

जेवून बसलो. सुकलाल सांगावी झाला. खेळात ते एका डोंगराच्या पायथ्याशी होते. तो मध्येच थांबला, हातातला कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "मास्तर, मन्ही मायले काहीतरी व्हई राह्यनं."

"अरे वा, सांगावा उना!" गुलाबनं मांडीवर थाप मारली. "टाका मास्तर, पासा टाका!"

"खेळमा नही रे," सुकलाल म्हणाला. पण हळू म्हणाला, आणि माझ्याकडे बघत राहिला. गाडीला अजून अवकाश होता. रिक्षा केली असती तर मिळाली असती. पण आता सांगावं तर सकाळपासून दडवलं हे दोघांनाही कळणार. मी पासे टाकले. सहा आणि तीन.

"भास," मी म्हटलं.

सुकलालनं मान हलवली आणि कागद पुन्हा उचलला. आम्ही संध्याकाळपर्यंत खेळलो. दिवे लागल्यावर मी खाली जाऊन आलो आणि आत्ताच फोन आला असं सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं गेला. पोचला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. पुढं कळलं की जिजी रविवारी रात्रीपर्यंत शुद्धीवर होती आणि दाराकडे बघत होती.

तो सुरतेला परत आला नाही. मी त्याची पेटी बारडोलीच्या साखर कारखान्यावरून गावी परत निघालेल्या त्याच्या भाच्याबरोबर पाठवून दिली. स्वतः गेलो नाही.

आज गोडादऱ्यातच माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. डिझाइनं आता कॉम्प्युटरवर होतात, मुलगा माझ्याशी गुजरातीत बोलतो, आणि मी त्याला अहिराणीत उत्तर देतो. सुकलाल गावात पिठाची गिरणी चालवतो. दर वर्षी कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ पाठवतो, आणि फोन करतो. एकदा मी धीर करून म्हटलं, "सुकलाल, त्या रविवारचं तुला सांगायचंय." तो म्हणाला, "जाऊ दे मास्तर. तिनं हाक मारली होती, मलाच ओळखता आली नाही. तेव्हापासून मनात काही आलं तरी मी धरत नाही. मागं पोरगी तापली तेव्हा आतून वाटत होतं, तरी दवाखान्यात उशिरा नेली. वाचली, पण एक कान गेला." मी पीठ चांगलं होतं असं म्हणून फोन ठेवला.

गाव म्हणजे मला आता माझं घर नाही, शेत नाही. गाव म्हणजे त्या गिरणीचं दार. भावाच्या मुलाच्या लग्नालासुद्धा मी मागच्या गल्लीनं गेलो आणि मागच्या गल्लीनं आलो. इथं मला कोणी परका म्हणत नाही, आणि तिथं मी स्वतःच झालो आहे.

सुकलालला मी एवढं सांगण्याचं देणं लागतो, की त्याला आईची हाक बरोबर ऐकू आली होती, आणि खोटं मी बोललो.