व्याह्यांचं मत

आमच्या मतदारसंघाचं नाव पूर्वी खालापूर होतं. मग पुनर्रचना झाली आणि ते कर्जत झालं. गावं बरीचशी तीच, माणसं तीच, मधला रस्ताही तोच. पण नाव बदललं, आणि त्याच सुमारास माझं लग्न होऊन मी साजगावहून भिसेगावला आले. म्हणजे खालापूर तालुक्यातून कर्जत तालुक्यात. माझ्या वडिलांना या दोन्ही गोष्टींचं दुःख एकदमच झालं. माझ्या लग्नाचं लवकर ओसरलं. नावाचं राहिलं.

"आमची पोरगी पन नेली आनि नाव पन नेलं," असं ते माझ्या सासऱ्यांना पहिल्या दिवाळीला म्हणाले होते. फराळाचं ताट हातात असताना.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांनी चकली मोडत उत्तर दिलं, "पोरगी मागून आनली. नाव आमचंच होतं, तुमी मधी वापरायला घेतलेलं."

हे खरंही होतं म्हणे. फार पूर्वी मतदारसंघ कर्जतच्याच नावाचा होता, मग खालापूरचा झाला, मग परत कर्जतचा. पण बाबांना एवढा मागचा इतिहास मान्य नव्हता. त्यांचा इतिहास त्यांनी पहिलं मत दिलं तिथून सुरू होत होता.

तेव्हापासून प्रत्येक विधानसभेला आमच्या घरात एकच वाद. उमेदवार कुठल्या पक्षाचा, हे दोघांनाही दुय्यम. तो नदीच्या या अंगाचा, म्हणजे कर्जतचा, की खोपोलीच्या बाजूचा, एवढंच बघायचं. कर्जतचा आमदार झाला की बाबा म्हणणार, "आता खालापूरच्या खड्ड्यांत मासे सोडा." खालापूरच्या बाजूचा झाला की मामा म्हणणार, "आता कर्जतला पानी पन तिकडूनच मागायचं." लोकसभेला मात्र दोघांचं पटायचं. आमचा खासदार घाटावरच्या लोकांबरोबर वाटून घ्यावा लागतो. बोरघाट चढून पिंपरी-चिंचवडपर्यंतचा तो एक मतदारसंघ. त्याबद्दल दोघे एका सुरात कुरकुर करायचे, आणि ते ऐकून सासूबाई म्हणायच्या, "लोकसभाच दर वर्षाला ठेवा गं, घर शांत राहील."

परवाच्या विधानसभेपर्यंत मामा थकले होते. पंच्याऐंशी उलटलेली. एका डोळ्याला दिसत नव्हतं, दुसऱ्याला अंधुक. उजवा हात थरथरायचा. उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं, डाव्याने त्यांना हवं तेवढं यायचं. पण मत द्यायचं म्हणजे द्यायचं. एवढ्या वयाच्या माणसांचं मत घरी येऊन घेतात हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने त्यांचं नाव नोंदवून टाकलं. मामांना ते आधी पटलं नाही.

"घरी काय मत देतात? मत काय इंजेक्शन हाय?"

"मामा, केंद्रावर रांग असते," मी म्हटलं.

"रांगेत तर मजा हाय. कोन कुनाशी बोलतो, कोन बोलत नाय, तितंच कलतं कोन येनार."

प्रचार सुरू झाला. गल्लीतून टेंपो फिरायला लागले, वर भोंगे. मोठे उमेदवार घरी येऊन गेले, म्हणजे त्यांची माणसं आली, आणि उमेदवार ओटीच्या पायरीवरून नमस्कार करून गेले. एक कर्जतच्या बाजूचा, एक खालापूरच्या. मामांनी दोघांनाही हात जोडले आणि दोघांनाही ऐकू येत नसल्याचं दाखवलं.

मग एका दुपारी तिसरा आला. अपक्ष. एकटाच होता, गळ्यात उपरणं नाही, हातात पत्रकांची पिशवी. डोंगराच्या बाजूचा, ठाकुरवाडीच्या अलीकडच्या एका वाडीतला. मी त्याला पाणी दिलं आणि आत गेले, कारण असे उमेदवार पाणी पिऊन जातात. अर्ध्या तासाने बाहेर आले तर तो ओटीवर मांडी घालून बसलेला. मामांच्या डाव्या बाजूला. ती बाजू त्याला कोणी सांगितली नव्हती. उजवीकडून बोलून बघितलं असेल, उत्तर आलं नसेल, म्हणून उठून इकडे आला असेल.

मामा त्याला त्यांच्या काळातल्या निवडणुका सांगत होते. गेरूने रंगवलेल्या भिंती. टॉवेलाएवढी मतपत्रिका आणि त्यावर मारायचा शिक्का. शिक्का मारून कागदाची घडी उलटी केली की शाई दुसऱ्याच्या चिन्हावर उमटायची, म्हणून घडी कशी करायची हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना शिकवत फिरणारे ते स्वतः. वाड्यांवर पायी जाणारे कार्यकर्ते, आणि त्यांच्या नाचणीच्या भाकरीची व्यवस्था. हे सगळं आम्ही इतक्या वेळा ऐकलेलं की आम्ही ऐकणं सोडून दिलं होतं. तो मात्र मधूनमधून "मग?" म्हणत होता. एकदा तर त्याने विचारलं, "आजोबा, पन घडी उभी करायची का आडवी?"

मामांनी पंचा हातात घेऊन त्याला घडी करून दाखवली.

तो गेल्यावर मी विचारलं, "मत मागितलं का त्याने?"

"इसरला बहुतेक," मामा म्हणाले. पत्रक मात्र उशीखाली सरकवलं.

मतदानाच्या काही दिवस आधी घरी मत घेणारं पथक आलं. नेमके त्याच दिवशी बाबा आमच्याकडे आलेले. योगायोग नव्हता. मी फोनवर सांगितलं होतं आणि त्यांना बघायचं होतं. मामांनी आमच्या लग्नात शिवलेला कोट घातला होता, खाली लुंगी. पथकात एक अधिकारी बाई होत्या, दोन मदतनीस, एक पोलीस आणि एक शूटिंगवाला. त्यांनी दिवाणाच्या कडेला पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. बाबा बघत होते.

"मतदारसंघ एकच हाय ना?" त्यांनी बाईंना विचारलं. "मंग माझं पन इतंच घ्या. परत साजगावला रांग लावायची मला."

"आजोबा, तुमचं वय किती?"

"बसत नाय का वयात?"

"नाही बसत."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदा आपण तरुण असल्याचा राग आला.

बाईंनी मामांना पद्धत समजावली. मोठ्याने समजावली. मग त्यांच्या हाताकडे बघून विचारलं, "आजोबा, तुम्हाला खूण करता येईल का? नाहीतर सोबत कोणी तरी घ्या. घरातलं माणूस चालेल."

माझा नवरा पुढे झाला. मोठे दीरही झाले. दोघांची पावलं एकदमच पुढे पडली, कारण दोघांचे उमेदवार वेगळे होते हे सगळ्या भिसेगावला माहीत.

मामांनी दोघांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मला व्याही पायजेत."

सासूबाईंच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला.

"बाबा," माझा नवरा मामांना म्हणाला, "ते खालापूरचे."

"ते मला दिसतं. तेवढं दिसतं मला."

"पण का?"

"तुमाला कललं तर तुमी घरात र्‍हाता. रोज भाकरीबरोबर ऐकवाल. हे संध्याकाळी साजगावला जातील."

बाईंनी बाबांना विचारलं, तयार आहात का. बाबा तयार नव्हते. इतकी वर्षं ज्याच्याशी भांडलो त्याचं मत आपल्या हाताने टाकायचं, आणि तेही बहुतेक कर्जतवाल्याला, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण व्याह्याने चारचौघांत मागितलेलं. नाही म्हणायची सोय नव्हती. गुप्तता पाळीन म्हणून त्यांनी सही केली. सही करताना माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना या घरात आणून अडकवलं. उलटं होतं खरं तर.

आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. शूटिंगवालाही पाठ करून उभा राहिला. आत मामा आणि बाबा. आणि मग आम्हाला अडचण कळली. मामांना ऐकू येत नाही, आणि बाबा बसले होते उजव्या बाजूला.

"ह्याच्यावर करू?" बाबांचा आवाज गल्लीपर्यंत गेला.

"कुनावर?"

"हाऽऽ ह्याच्यावर!"

"आजोबा, हळू!" बाई ओरडल्या. "गुप्त मतदान आहे!"

"मला वाचून दाखवा की!" आतून मामा.

"वाचलं तर गुप्त कसं र्‍हानार?"

पोलीस भिंतीकडे तोंड करून हसत होता. शेजारच्या काकू धुणं वाळत घालता घालता थांबल्या. मी डाव्या कानाचं सांगितल्यावर बाईंनी आत डोकावून बाबांना डाव्या बाजूला बसायला सांगितलं. मग कुजबुज सुरू झाली. आम्ही सगळे कान देऊन उभे. अधूनमधून एखादा शब्द सुटत होता.

"नको... तो नको... त्याच्या खालचा."

"खालचा? हा?"

मग बराच वेळ काहीच नाही. मग बाबांचा आवाज, एकदम साधा, वाद संपल्यावर असतो तसा: "का पन?"

मामा काय म्हणाले ते ऐकू आलं नाही.

पाकीट चिकटवून पथक गेलं. बाबा बाहेर आले, चपला घातल्या, आणि जेवायला थांबले नाहीत. वालाचं बिरडं होतं तरी थांबले नाहीत. हे आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं.

त्यानंतर आमच्याकडे फक्त एकच चर्चा. 'त्याच्या खालचा' म्हणजे कोणाच्या खालचा? दिरांनी उमेदवारांचा क्रम पाठ केला. नवरा म्हणे, खालच्याच्या वर कोण ते आधी ठरवा. मी बाबांना फोन केला, इकडचं तिकडचं बोलले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सही केलीय गं मी," ते म्हणाले आणि फोन ठेवला. माझे बाबा, ज्यांनी माझ्या लग्नाची बोलणी चालू असताना माझं वजन मामांना सांगितलं होतं, ते हे पोटात ठेवून बसले.

निकालाच्या दिवशी बाबा सकाळीच आले. नेहमीप्रमाणे दोघे टीव्हीसमोर, मामा पुढे, बाबा त्यांच्या डाव्या बाजूला. फेऱ्या सुरू झाल्या. कधी हा पुढे, कधी तो. माझा नवरा एका फेरीला टाळ्या वाजवायचा, दीर दुसऱ्या फेरीला. दर निवडणुकीला यात मामा आणि बाबा सगळ्यांत जोरात असायचे. या वेळी दोघे गप्प. शेवटी निकाल लागला. बाहेर गुलाल उधळला, फटाके लागले. कोण आलं ते सगळ्यांना माहीत आहे. मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं तर अर्धे नातेवाईक हे वाचायचे थांबतील.

फटाक्यांचा आवाज जरा कमी झाल्यावर मामा बाबांकडे वळले.

"आनि आपला?"

बाबांनी चष्मा सरकवून मोबाइल बघितला. बराच खाली सरकवला. मग आणखी खाली.

"हाय," ते म्हणाले. "हाय की. पडलीत थोडी."

"आपला?" दीर म्हणाले. "आपला कोण?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. मामा म्हणाले, "त्यात दोन हायत."

"दोन तरी हायत," बाबा म्हणाले, आणि दोघे हसायला लागले. मामांना खोकला आला, पाणी द्यावं लागलं, पाणी पिऊनही हसतच होते. आम्ही सगळे उभे. टीव्हीवर विजयी मिरवणूक चाललेली आणि ती बघणारं कोणी नाही. सासूबाईंनी सगळ्यांत आधी ओळखलं. मामांच्या उशीची खोळ बदलायला म्हणून त्या आत गेल्या आणि तिथून त्यांचंही हसू ऐकू आलं.

त्या दिवशी बाबा जेवले. संध्याकाळी मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. रस्ताभर गुलाल, पाय गुलाबी होत होते. तेच आपणहून बोलले.

"नाव नाय घेनार मी. सही केलीय."

"नका घेऊ."

थोडं चालल्यावर म्हणाले, "त्या दिवशी आत बसलो ना, तर मनात आलं माझ्या. याला तर दिसत नाय. पेन माझ्या हातात. आपल्या खालापूरच्यावर मारली खून, तर याला कुठं कलनार हाय?"

मी थांबले. "मग?"

"मग याने डोले मिटले गं. दिसत नाय तरी मिटले. म्हनला, करा आता. असं डोले मिटून बसलेल्या मानसाला कसं फसवायचं? मग मी इचारलं, का पन हाच? तर म्हनला, बाकीच्यांनी माझ्याकडनं मत मागितलं. याने घडी कशी करायची ते इचारलं."

"आणि तुमचं? तुमच्याकडे तर तो आलाच नव्हता."

बाबांनी चपलेला लागलेला गुलाल दगडावर पुसला.

"मी रांगेत उभा होतो साजगावला. म्हनलं, व्याह्याचं एकच पडेल. एकटं वाईट दिसतं."

रिक्षा आली. खोपोलीपर्यंतची होती, पण भरत नव्हती, म्हणून रिक्षावाला थांबून राहिला. बाबा आत कडेला बसले. मी त्यांना म्हटलं, पुढच्या आठवड्यात या, बिरडं करते. ते म्हणाले, वाल रात्रीच भिजत घाल, मागच्या वेळी कच्चे लागले असते, म्हणून नाय थांबलो.