जागा साफ आहे ना?

बुकिंगच्या फोनवर मी एकच प्रश्न तीनदा विचारला. "जागा साफ आहे ना?" सोबत एकाहत्तर वर्षांचे बाबा, त्यांचा नुकताच बदललेला गुडघा, त्यात तंबूत झोपायचं. विंचूकाट्याची भीती वाटणारच. पलीकडून मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तुम्ही याच. एकदम साफ करून ठेवतो."

हट्ट बाबांचा होता. रत्नागिरीहून दीड तासावरच्या एका वन उद्यानाला लागून, आता खासगी कॅम्प झालाय त्या जागेत, एका जुन्या बेहड्याच्या झाडाच्या ढोलीत दरवर्षी धनेश पक्षी घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. वीस वर्षं बाबा दर मार्चमध्ये ते बघायला जायचे. गुडघ्यामुळे दोन वर्षं चुकली होती.

सकाळी सहाला निघा. हातखंब्यापर्यंत रस्त्याचं काम अजून चालूच आहे, कंबर सांभाळा. पुढे देवरूखच्या बाजूला वळल्यावर टपरीवर गरम घावणे मिळतात. कॅम्पचं नाव मात्र सांगणार नाही, त्यांची फुकट जाहिरात कशाला करू?

पोचल्यावर वाटलं, रस्ता चुकलो. तांबड्या मातीचं सपाट मैदान, दहा निळे तंबू आणि मधोमध फोटो काढायला लाकडी बदाम! बाबा काठी टेकत थेट कोपऱ्यात गेले. तिथे बेहड्याचा नुसता बुंधा होता, बाजूला ओला भुसा.

"सोमवारी पाडलान मालकान," गावातलेच रखवालदार काका म्हणाले. "ढोलीत साप ऱ्हातात, म्हनला. जो तो फोनवर इचारतंय, जागा साफ हाय काय."

"मादी आत होती?" बाबांनी विचारलं.

काका खाली बघत म्हणाले, "पिल्लू पन व्हतं."

माझं डोकंच फिरलं. मॅनेजरला मी असं फैलावर घेतलं की तंबूतली माणसं बाहेर आली. तो थंडपणे म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तीनदा विचारलंत. रेकॉर्डिंग आहे." ते ऐकून आणखी संताप आला.

मला तडक परतायचं होतं. बाबा म्हणाले, "थांबूया. तो येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला नर आला, चोचीत वडाचं फळ घेऊन. झाड होतं त्या जागी हवेतच दोन घिरट्या घातल्या, मग शेजारच्या किंजळाच्या फांदीवर बसून राहिला. फळ त्याने गिळलं नाही. बाबांचा चहा निवून गेला.

घरी आल्यावर कॅम्पवाल्यांचा मेसेज आला, स्वच्छतेला पाचपैकी किती तारे द्याल? निर्लज्ज! तुम्ही कुठेही बुकिंग कराल तेव्हा आधी विचारा, झाडं उभी आहेत ना?

वन खात्याकडे मी दोन पानी तक्रार केली आहे. त्यात मालक आहे, मॅनेजर आहे. मी तीनदा विचारलेल्या प्रश्नाचा तो फोन नाही. तो लिहायला हात धजला नाही, म्हणून इथे लिहिते आहे.