परातेसरांचा फेरा

पराते सर डोंगराला पाठ दाखवत नसत. रामटेकच्या पुढे नदीकाठच्या सागवनातून उतरायचं, मग डोंगराच्या धारेवर चढायचं आणि गोल फिरून गाडीपाशी यायचं, हा आमच्या कॉलनीचा रविवारचा फेरा. सर नदीचं पाणी कपाळाला लावून निघत आणि डोंगर सतत उजव्या हाताला ठेवत. "देवाले फेरा घालते न तुमी? मंग अर्ध्यातून वापस येते काय गा?" असं म्हणत. जो मागे फिरला त्याला गाडीत जागा नाही, हा त्यांचा नियम. बँकेतले एक गृहस्थ पोट बिघडलं म्हणून परतले, तर सरांनी त्यांना खरंच तिथे टाकलं. बिचारे एसटीनं नागपूरला आले.

माणूस वाईट होता म्हणावं, तर तेही जमत नाही. आयुष्यभर शाळेत कवायत शिकवलेला, कोष्ट्याच्या घरचा, शब्दाला पक्का. माझे सासरे जिन्यात कोसळले तेव्हा याच माणसानं त्यांना खांद्यावर घेऊन दवाखाना गाठला. मोह कुठला, तेंदू कुठला, हे मला त्यांनीच ओळखायला शिकवलं. पण घरात त्यांचा धाक असा, की त्यांची बायको, आमच्या काकू, बोलताना आधी त्यांच्या तोंडाकडे बघायच्या.

काकूंना फेऱ्याला यायचं होतं. सर दरवेळी म्हणत, तुझ्यानं होत नाही. एका रविवारी काय मनात आलं कोण जाणे, घेऊन आले. काकू नवे बूट घालून पोरीसारख्या खुशीत होत्या. नदी ओलांडताना दगडावरून त्यांचा पाय सटकला आणि घोटा बघता बघता सुजला. गाडी अजून मागे हाकेच्या अंतरावर होती. मी म्हटलं, सर, मी काकूंना घेऊन परत जाते. सर शांतपणे म्हणाले, "जा न. रामटेकहून तुमालेबी बस भेटते." मी भांडणार होते, पण काकूंनीच माझा हात दाबला. "चालतो मी," म्हणाल्या.

मग ती अख्खी चढण, ती उन्हाची धार. काकू माझ्या खांद्यावर भार टाकून एकेक पाऊल टाकत होत्या आणि ओठ चावत होत्या. सर सगळ्यांच्या पुढे होते. एकदाही मागे वळले नाहीत. माझा नुसता संताप होत होता. आम्ही गाडीपाशी पोचलो तेव्हा ते सगळ्यांना म्हणाले, "पाहा, आली न?" त्यांच्या डोळ्यांत कौतुक होतं, हे त्याहून वाईट. हाड मोडलं होतं. पुढे ते वाकडं जुळलं आणि काकू कायमच्या लंगडू लागल्या.

सरांनी त्याचा किस्सा केला. पाहुणे आले की सांगायचेच. शेवटी हाक मारायचे, "दाखव वं पाय." आणि काकू लुगडं घोट्यावर उचलून उभ्या राहायच्या. पाहुणे म्हणायचे, वा, काय हिंमत!

नातवाच्या वाढदिवसाला घर भरलेलं होतं. पाय दाखवून झाला, कोणीतरी हिंमतीचं बोललं, आणि काकू पहिल्यांदाच सरांच्या तोंडाकडे न बघता बोलल्या.

"हिंमत कायची जी? हे मले तिथंच सोडून गेले असते. मंग घरी कशी आली असती मी?"

आधी सरच खो खो हसले आणि त्यांच्यामागे सारं घर हसलं. पुढच्या पाहुण्यांपासून ते वाक्यही किस्स्यात आलं. सर ते काकूंचाच आवाज काढून म्हणत.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. तेरवीच्या जेवणाला फेऱ्यातली मंडळी आठवणी काढत बसली आणि एकानं तो किस्सा सांगितला, शेवटच्या वाक्यासकट, सरांसारखाच आवाज काढून. मांडव हसला. काकू आतल्या खोलीत होत्या. त्यांनी उठून दार लावून घेतलं.